हौद्यात वाळू, चाकांना साखळ्या: जानेवारीतली स्पिती

दिवस 1 ते 3 : सातारा ते चंदीगड

धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, अंबाला. हा सगळा महामार्ग आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याकडे निघालो होतो मी आणि माझा मेहुणा, दोघंच. गाडी माझी रोपवाटिकेची, इसुझू व्ही-क्रॉस, 2017 ची, फोर बाय फोर पिकअप. एरवी तिच्या हौद्यात आंब्याची कलमं आणि शेणखताची पोती असतात. या वेळी दोन स्टेपन्या, फावडं, टो करायचा पट्टा, बाइंडिंग वायर, पकड, घरची जुनी गोधडी आणि बर्फात चाकांना गुंडाळायच्या लोखंडी चेनच्या दोन जोड्या होत्या. निघताना बायकोनं एकच अट घातली होती. अंधार पडायच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे.

चेनबद्दल आधी सांगतो, कारण खरी तयारी घरीच झाली. डिसेंबरात मागवलेली पहिली जोडी टायरला आखूड पडली. माझ्या गाडीचा टायर 245/70 आर 16. विकणाऱ्यानं "सगळ्या एसयूव्हींना बसते" असं सांगितलं होतं आणि मी ते मानलं. अंगणात बसवून पाहिली तर बाहेरचा हूक चार बोटं अलीकडेच थांबला. हे साताऱ्यात कळलं म्हणून बरं. जोडी परत केली, टायरचा आकडा खोक्यावर छापलेला आहे याची खात्री करून दुसरी घेतली, आणि मग मी आणि मेहुण्यानं चार रविवार अंगणात सराव केला. चौथ्या रविवारी मागच्या दोन चाकांना बारा मिनिटांत चेन लागल्या. शेजारचे काका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "चिखलणीला ट्रॅक्टरला केज व्हील लावतात, त्यातलाच प्रकार की हा." अगदी तसंच आहे. भातखाचरात रबराला धरायला काही मिळत नाही म्हणून लोखंडी चाक चिखलात रुतवायचं, आणि बर्फावर रबराला धरायला काही मिळत नाही म्हणून लोखंडाच्या आडव्या कड्या बर्फात रुतवायच्या.

दिवस 4 : चंदीगड ते रामपूर

शिमला मागे टाकून नारकंड्याला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. उंची सुमारे 2,700 मीटर. रस्त्याच्या कडेला गुडघाभर बर्फ होता, पण डांबर मोकळं आणि ओलं. आम्ही चहा घेतला. टपरीवाल्यानं गाडीची नंबर प्लेट पाहून विचारलं, "महाराष्ट्र से? पीछे खाली है?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तो पीछे वज़न डालो, नहीं तो पूँछ घूमेगी."

पिकअपचं हे दुखणं मला साताऱ्यातच माहीत होतं. रिकाम्या हौद्यामुळे मागची चाकं हलकी पडतात आणि निसरड्यावर शेपूट फिरते. वाळू रामपूरला घ्यायची असं आमचं ठरलेलं होतं. नारकंड्यापासून रस्ता जो उतरायला लागतो तो थेट सतलजच्या काठी, हजार मीटरच्या आसपास. रामपूरला हवा जवळजवळ आपल्या साताऱ्याच्या डिसेंबरासारखी होती. बांधकाम साहित्याच्या एका दुकानातून वाळूची चार पोती घेतली, प्रत्येकी अंदाजे चाळीस किलो, आणि मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर रचून दोरीनं आवळली. पोती हौद्याच्या अगदी टोकाला ठेवायची नाहीत, त्यानं पुढची चाकं हलकी होतात. वाळू ओलसर होती. तिकडे मी लक्ष दिलं नाही, ती चूक तीन दिवसांनी समजली.

दिवस 5 : रामपूर ते कल्पा

ज्युरी, वांगतू, करछम. खडक आडवा कापून काढलेला हा रस्ता, एका बाजूला डोक्यावर दगडाचं छत आणि दुसऱ्या बाजूला खाली हिरवट सतलज. इथे बर्फ नव्हता, भीती सुट्या दगडांची होती. रिकाँग पिओला साडेतीनला पोचलो, टाकी भरली आणि डिझेल गोठू नये म्हणून घालायचं रसायन टाकलं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं आणि फिल्टर तुंबतो. रसायन तसं होण्याआधी टाकलं तरच उपयोग होतो, मेण सुटल्यावर टाकून काही होत नाही.

पिओवरून कल्प्याला चढणारा रस्ता म्हणजे वळणांची शिडी. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडलेला. मी गाडी 4एच मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत घातली, दुसऱ्या गियरवर एका लयीत चढवली. एकदाही चाक फिरलं नाही. वर पोचलो तेव्हा समोर किन्नर कैलासावर शेवटचं ऊन होतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, चेन काढायची वेळच येत नाही बघा." मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. गाडीचा अभिमान वाटला.

रात्री उणे आठ. गाडी गियरमध्ये ठेवली, चाकांमागे दगड लावले. हँडब्रेक ओढला नाही, तो गोठून अडकतो. वायपर काचेपासून उचलून ठेवले.

दिवस 6 : कल्पा ते नाको

होमस्टेच्या मालकांनी सकाळी चहा देताना सांगितलं, "धूप आने दो, नौ के बाद निकलना." आम्हाला अंधारापूर्वी नाको गाठायचं होतं म्हणून आठलाच निघालो. तरी चेन लावल्या. फक्त मागे. पिकअप मागच्या चाकांवर चालणारी, तेव्हा एक जोडी मागे लावली की झालं, असं मी अनेकांकडून ऐकलं होतं.

तिसऱ्या वळणावर मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि गाडी वळली नाही. पुढची चाकं वळलेली होती, पण गाडी सरळच निघाली होती, हळू, माणूस चालतो त्या वेगानं, अजिबात आवाज न करता. मी ब्रेक सोडला, दाबला, सोडला. काही उपयोग झाला नाही. डोंगराच्या बाजूला रस्ता साफ करताना लोटलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात डावं नाक रुतलं आणि आम्ही थांबलो. बंपरची एक क्लिप तुटली, बाकी काही नाही. पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. त्याच्या आधीच्या वळणावर त्याच जागी कठडासुद्धा नव्हता.

या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं मला त्या ढिगापाशी उभं राहून समजलं, म्हणून जरा थांबून सांगतो. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. चढताना त्याचा पूर्ण फायदा. पण ब्रेक आपल्या आल्टोलाही चार चाकांना असतात आणि या गाडीलाही चारच. उतारावर गाडी थांबणं आणि वळणं हे फक्त रबर आणि जमीन यांच्यात ठरतं, तिथे 4एच चं बटण कामाला येत नाही. उलट काल संध्याकाळी ज्या सहजतेनं गाडी वर चढली, त्यानंच मी फसलो. कालचा बर्फ भुसभुशीत होता. रात्रभरात तोच, गाड्यांच्या टायरांनी दाबलेला, काचेसारखा झाला. आणि मागेच चेन लावल्यानं मागची चाकं धरून राहिली, पुढची मात्र नुसती घसरत होती. फक्त पुढे लावल्या असत्या तर उलटं झालं असतं, पुढचं धरलं असतं आणि शेपूट फिरून गाडी आडवी झाली असती. अशा उतारावर चारही चाकांना हव्यात.

मेहुणा लाल टॉवेल घेऊन पन्नास पावलं वर जाऊन उभा राहिला, वरून येणाऱ्या गाडीला इशारा द्यायला. मी चारही चाकांना दगड लावले आणि दुसरी जोडी काढली. साताऱ्यात बारा मिनिटं लागलेल्या कामाला इथे पन्नास लागली. गुडघ्याखाली रबरी पायपुसणं टाकलं होतं तरी थंडी मांडीपर्यंत चढली. हातात आधी लोकरीचे आणि वरून भांडी घासायचे मोठे रबरी मोजे घातले होते, ही युक्ती खरंच कामाची आहे. ओल्या उघड्या हातानं इतक्या गार लोखंडाला धरलं तर कातडी चिकटते.

काम असं करतात. चेन आधी जमिनीवर शिडीसारखी सरळ पसरायची, एकही पीळ राहू द्यायचा नाही. आडव्या कड्यांच्या हुकांची उघडी टोकं टायरच्या उलट बाजूला, म्हणजे बाहेर तोंड करून असली पाहिजेत, नाहीतर तीच टोकं टायरची भिंत खातात. मग चेन टायरवर शालीसारखी टाकायची, आत हात घालून आधी आतला हूक लावायचा, गाडी हातभर पुढे घेऊन खाली दबलेला भाग मोकळा करायचा, मग बाहेरचा हूक, आणि शेवटी रबरी ताण्यानं आवळायचं. पुढच्या चाकांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आतल्या बाजूला सस्पेन्शनचा वरचा आर्म आणि ब्रेकचा पाइप टायरच्या फार जवळ असतात. मी पुढची जोडी मुद्दाम बारीक कड्यांची घेतली होती आणि घरीच स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहिलं होतं. काही गाड्यांना पुढे चेन चालतच नाहीत, तेव्हा गाडीसोबत आलेलं पुस्तक आधी वाचा.

शंभर मीटर उतरून पुन्हा थांबलो. प्रत्येक चेन दोन कड्यांनी सैल झालेली होती. पुन्हा आवळल्या. मग 4एल, म्हणजे चारही चाकांना ताकद पण अगदी हळू चालवणारी स्थिती, पहिला गियर, ब्रेकवरून पाय काढलेला. गाडी खर्रर्र खर्रर्र करत आपल्या मर्जीनं, सावकाश, वळणामागून वळण उतरत गेली. त्याआधी एवढा कर्कश आवाज मला कधी इतका बरा वाटला नव्हता.

खाली पोवारीला कोरडं डांबर लागल्यावर चेन काढल्या आणि 2एच केलं, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. कोरड्या डांबरावर 4एच मध्ये चालवलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात. पुढे पूह, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तो पूल, आणि तिथून का गावाच्या उलटसुलट वळणांनी भिंत चढावी तसा चढत जाणारा रस्ता. इथून झाड क्वचितच दिसतं. नाको 3,660 मीटरवर. पावणेपाचला पोचलो. तलाव पूर्ण गोठलेला आणि त्यावर पोरं रबरी बूट घालून घसरगुंडी खेळत होती.

दिवस 7 : नाको ते काझा

सकाळी उणे पंधरा. रात्री बॉनेटवर गोधडी टाकून वरून ताडपत्री बांधली होती. ती काढली, चावी फिरवून ग्लो प्लगचा (इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू दिला, पुन्हा एकदा तसंच केलं, आणि तिसऱ्या वेळेला इंजिन लागलं. शेजारच्या एका ड्रायव्हरनं टाकीखाली निखाऱ्यांची परात सरकवलेली पाहिली. त्यांचा हात बसलेला असतो, आपण ते करायला जाऊ नये.

गावाबाहेर पहिल्याच सावलीत रस्त्यावर आडवा ओहोळ गोठला होता. पोत्यातली मूठभर वाळू टाकावी म्हणून मेहुण्यानं पोतं उघडलं तर आत दगड. ओली वाळू गोठून एकसंध वीट झालेली. पहारीनं फोडून ओंजळभर खडे निघाले. वजन म्हणून ती पोती कामाची होती, पण चाकाखाली टाकायला वाळू हवी तर ती कोरडीच घेतली पाहिजे, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून.

मलिंगच्या नाल्यात दरडी कोसळून रस्ता अरुंद झालेला. सकाळी लवकर गेलं तर वरचे दगड गोठून जागच्या जागी असतात, ऊन चढलं की सुटायला लागतात. पण त्याच लवकरच्या वेळी रस्त्यावरचं पाणी बर्फ झालेलं असतं. या भागात दोन्ही वेळांना स्वतःचा धोका आहे आणि रोज नव्यानं ठरवावं लागतं. आम्ही चारही चेन लावून साडेआठला पार झालो. पुढे सुमदोच्या चौकीवर नोंद केली.

त्यानंतर मी आळस केला. सुमदो ते ताबो रस्ता मध्येच पांढरा, मध्येच काळा. दर पाच किलोमीटरला उतरून चेन काढायच्या आणि घालायच्या याचा कंटाळा येऊन तशाच ठेवल्या. वेग तीसच्या आत होता, तरी हुरलिंगच्या पुढे मागून टण् टण् टण् असा आवाज यायला लागला. उजव्या मागच्या चेनची एक आडवी कडी डांबरावर घासून तुटली होती आणि तिचं मोकळं टोक चाकाबरोबर फिरून मडगार्डच्या आत आपटत होतं. ब्रेकचा पाइप तिथून जेमतेम वीतभर. तसंच पुढे गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करून मला ताबोच्या थंडीतही घाम आला. बाइंडिंग वायरनं टोक शेजारच्या कडीला घट्ट बांधलं. त्यानंतर काळा रस्ता दिसला की चेन काढल्या, मग कितीही वेळा उतरावं लागो.

ताबोचा मठ इसवी सन 996 चा. मातीच्या जाड भिंती, आत अंधार, आणि बॅटरीच्या उजेडात भिंतींवरचे निळे-तांबडे रंग. लामांनी एकच खोली उघडून दाखवली. आम्ही जोडे काढून आत उभे होतो, गार जमिनीनं पाय बधिर झाले होते, तरी निघावंसं वाटत नव्हतं.

काझा, साडेतीन वाजता. नळ बंद. अंघोळीचा प्रश्नच नाही. खोलीत मध्यभागी लोखंडी शेगडी, तिला इथे तंदूर म्हणतात, आणि तिच्यावर सदा उकळणारं पाणी.

दिवस 8 : काझा, की, किब्बर

हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

किब्बर काझापासून वीसेक किलोमीटर, पण उंची 4,270 मीटर. रस्ता सुरुवातीपासून पांढरा. काझा सोडतानाच, सपाट जागेवर, उन्हात, चारही चेन लावल्या. वीस मिनिटं लागली. मेहुणा मागची बाजू, मी पुढची, न बोलता. गोठलेल्या घाटात गाडी अडकल्यावर गुडघ्यावर बसून करायचं काम आणि गावात शांतपणे करायचं काम यांत किती फरक आहे!

की मठाच्या खालच्या वळणावर एक स्थानिक बोलेरो वर जात होती. तिला मागे दोनच चेन, पण ड्रायव्हर तो रस्ता लहानपणापासून ओळखणारा. त्यानं आम्हाला हातानं थांबवलं, स्वतः पुढे गेला, वळण पार करून हॉर्न वाजवला, मग आम्ही निघालो. पुढच्या प्रत्येक वळणावर तसंच. किब्बरला मी त्याचे आभार मानले तर म्हणाला, "चढ़ना कोई भी चढ़ता है जी. उतरते टाइम मेरे पीछे आना."

किब्बरमध्ये हिमबिबट्या पाहायला जगभरातून लोक येतात, दुर्बिणी लावून तासन् तास कडे न्याहाळत बसतात. आम्हाला बिबट्या दिसला नाही. भरल, म्हणजे डोंगरी रानमेंढे दिसले, तीसेक, राखी रंगाचे, इतक्या उभ्या कड्यावर चरत होते की तिथे गवत असेल असं वाटतच नाही. चिचमच्या पुलापर्यंत गेलो. 2017 साली हा पूल झाला. त्याआधी खालच्या दरीवरून माणसं तारेला टांगलेल्या पाळण्यातून ये-जा करायची. पुलाच्या मधोमध उभं राहून खाली पाहिलं आणि पटकन नजर वर घेतली.

उतरताना त्याच बोलेरोच्या मागे. तिच्यापासून शंभर पावलं अंतर ठेवून, 4एल, पहिला गियर. एका जागी तो थांबला, मी ब्रेकवर अगदी हलका पाय टेकवला आणि गाडी थांबली. जिथे थांबवली तिथेच. कल्प्याच्या त्या वळणानंतर ही साधी गोष्ट मला फार मोठी वाटली.

दिवस 9 : काझा

रात्रीपासून हिमवर्षाव. दिवसभर थांबलो. घरमालकीण आजींनी बार्लीच्या पिठाचं सूप दिलं, मेहुण्यानं त्यांना साताऱ्याचे कंदी पेढे दिले. दुपारी दोघांनी मिळून छतावरचा बर्फ लोटायला त्यांच्या मुलाला मदत केली. एवढंच.

दिवस 10 ते 12 : परतीचा रस्ता

सीमा सडक संघटनेचा डोझर सकाळी गेला, त्याच्या मागून आम्ही. ताबोला मुक्काम, मग पिओ. परत कल्प्याला जायचं कारण नव्हतं, पण गेलो. त्या वळणावर थांबलो. ढीग तसाच होता, आमच्या बंपरचा खळगा नव्या बर्फानं भरलेला.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही ऊन येण्याची वाट पाहत कल्प्यात चेन लावत होतो तेव्हा एमएच 15 पासिंगची थार येऊन थांबली. नाशिकची तीन पोरं. त्यांच्याकडे चेनची एक जोडी, खोक्यातून न काढलेली. त्यातला एक म्हणाला, "काका, काल आरामात चढलो की. लावायला पाहिजेच का?"

मी त्याला आमच्या गाडीची तुटलेली क्लिप दाखवली. मग मेहुण्यानं त्यांचं खोकं उघडलं, टायरचा आकडा ताडून पाहिला, चेन बर्फावर सरळ पसरली आणि त्या पोराला शेजारी बसवून म्हणाला, "हुकाचं तोंड बाहेर. बघ, असं." एकच जोडी होती, म्हणून त्यांना साडेदहापर्यंत थांबवून घेतलं, रस्त्याचा वरचा थर उन्हानं मऊ झाल्यावर आमच्या मागे घेतलं आणि प्रत्येक वळण पार करून हॉर्न दिला. पिओच्या बाजारात पोचल्यावर त्या पोरानं उतरून मेहुण्याचे दोन्ही हात धरले, काही बोलला नाही.

साताऱ्याला आल्यावर पहिल्या दिवशी चेन गोड्या पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या, तेल लावलं. उजव्या मागच्या चेनच्या आणखी दोन कड्या झिजून निम्म्या झालेल्या निघाल्या. त्या बदलायला टाकल्या आहेत. वाळूची चार पोती रोपवाटिकेत ओतली, कुंड्यांच्या मातीत मिसळायला.